साडूंच्या गुडघ्यावरचं थंड यंत्र

८ एप्रिल, शनिवार. ठरलेली रक्कम प्रत्येक तपासणीमागे तीनशे रुपये, प्रवासखर्च म्हणून. हजर होते मी, माझे साडू, आम्हा दोघांच्या बायका आणि फिजिओथेरपीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रबंध करणारी एक मुलगी. जागा दवाखान्याचा दुसरा मजला, एक्स-रेच्या खोलीबाहेरचा बाक.

सोमवारी माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, मंगळवारी साडूंच्या डाव्या गुडघ्याचं. दोघांचंही लिगामेंट फाटलेलं, सर्जन एकच. यात योगायोग काही नाही. मी जानेवारीत वाळूजच्या चौकात वाळूवरून स्कूटर घसरून पडलो. साडू त्याच्याही दोन वर्षं आधी दुकानाच्या पिकअपमधून सळया उतरवताना पडले होते आणि लंगडत का होईना, मजेत फिरत होते. माझी तारीख ठरल्याचं कळताच त्यांचा फोन आला.

"साडूभाऊ, मग मीबी उरकून घेतो. डॉक्टर एक, डबा एक, बायकांना एकमेकींची सोबत. होलसेलमध्ये काम होतंय."

मला राग आला. ऑपरेशनसुद्धा माझं एकट्याचं राहिलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. करमाडला जालना रोडवर त्यांचं सिमेंट आणि सळईचं दुकान आहे. त्यांच्या लग्नाआधी चार वर्षं सासुरवाडीत मी एकटा जावई होतो. लासूर स्टेशनला उतरलो की मेहुणा घ्यायला यायचा, सासूबाई दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या. मग हे आले. तेव्हापासून मी गेलो की घरातले पाणी देतात आणि हे गेले की घरातले बाहेर येतात. ते मोठ्यानं बोलतात, शेजारच्या म्हातारीचीही थट्टा करतात, निघताना लहान पोरांच्या हातावर नोटा ठेवतात. मी एका कंपनीच्या हिशेबखात्यात नोकरी करतो आणि बजाजनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझी थट्टा कोणी करत नाही.

त्या बाकावर त्या मुलीनं आम्हाला तिचं काम समजावून सांगितलं. ऑपरेशननंतर गुडघा सुजतो, दुखतो, आणि दुखतो म्हणून माणूस तो वाकवत नाही. न वाकवलेला गुडघा आखडून बसतो. थंडाव्यानं दुखणं कमी झालं तर व्यायाम लवकर सुरू होतो. तिला पाहायचं होतं ते एवढंच, की घरातली साधी बर्फाची पिशवी पुरते, की महागडं यंत्र जास्त कामाचं आहे. यंत्र म्हणजे बर्फाच्या पाण्याचा डबा, त्यात लहानसा पंप, एक नळी आणि गुडघ्याला गुंडाळायचा पट्टा. गार पाणी पट्ट्यातून फिरत राहतं, म्हणून थंडावा एकसारखा मिळतो. निम्म्या पेशंटना यंत्र, निम्म्यांना पिशवी. व्यायाम सगळ्यांना तेच.

"कोणाला काय, ते कोण ठरवणार?" मी विचारलं.

"कोणीच नाही, काका. चिठ्ठ्या आधीच बंद पाकिटांत ठेवल्यात. नंबर येईल तसं पाकीट फोडायचं. मी ठरवायला लागले तर ज्याची दया येईल त्याला यंत्र देईन. मग निकालाला काय अर्थ?"

मला ही पद्धत मनापासून पटली. आमच्या ऑफिसात बढत्यांना ही पद्धत असती तर मी कदाचित वरच्या खुर्चीत असतो. आम्ही सह्या केल्या. माझं पाकीट फोडलं, आत पिशवी निघाली. साडूंचं फोडलं, आत यंत्र. पद्धत पटली होती, पण निकाल पटला नाही.

"घ्या! आपल्याला लॉटरी," साडू म्हणाले. मग माझं तोंड पाहून लगेच, "बदलून घेता का साडूभाऊ? मला काय, बर्फ तो बर्फ."

"नाही, नाही, बदलता येत नाही काका," मुलगी घाईनं म्हणाली.

माझी बायको साडूंकडे अशी पाहत होती, जणू यंत्र मला मिळालंच. जी वस्तू देता येत नव्हती ती देऊ केल्याचं श्रेयही त्यांच्याच खात्यावर.

आता गुडघा वाकण्याची मला एवढी घाई का होती, ते सांगतो. त्या वर्षी जुलैच्या मध्यावर अधिक महिना लागणार होता. अधिक महिन्यात जावयांना धोंडे जेवायला बोलावतात. जावई पाटावर मांडी घालून बसतो, सासू ओवाळते, अनारशांचं वाण देते. तीन वर्षांतून एकदा येणारा मान. पहिला पाट थोरल्या जावयाचा, म्हणजे माझा. सासुरवाडीत साडूंच्या वर असलेली माझी ही एकच गोष्ट उरली होती, आणि तिच्यासाठी मांडी घालता यायला हवी होती. मांडी घालता आली नाही तर मला खुर्ची मिळणार, आणि माझा पाट कोणाला मिळणार हे उघड होतं.

"खुर्चीवर बसलात तर काय बिघडतं?" बायको म्हणाली.



ऑपरेशनं झाली. बजाजनगरच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि मला तीन मजले चढण्याची मनाई होती. बहिणी-बहिणींनी परस्पर ठरवून टाकलं, की दोघांनी करमाडलाच राहायचं. साडूंचं घर तळमजल्याचं आहे, खोल्या मोठ्या आहेत. अशा रीतीनं दवाखान्यातून मी थेट साडूंच्या घरी, साडूंच्या पलंगाशेजारच्या पलंगावर जाऊन पडलो. मधे एक स्टूल. स्टुलावर ते यंत्र.

ऊन असं होतं की दुपारी ओसरीवरचा पत्रा तडतडायचा. साडू दुकानातल्या पोराला पाठवून बर्फाची लादी मागवायचे. दोन्ही बहिणी ती पोत्यात घालून बत्त्यानं फोडायच्या, चांगला बर्फ यंत्रात, उरलेला चुरा माझ्या पिशवीत. चुरा पंधरा मिनिटांत पाणी व्हायचा आणि टॉवेल भिजून गादीत उतरायचा. शेजारी यंत्राचा पंप गुरगुरत असायचा, आणि साडू डोळे मिटून म्हणायचे, "आहाहा. महाबळेश्वर."

भेटायला येणारेही त्यांचेच. गवंडी, ठेकेदार, शेजारच्या गावचा सरपंच. सगळे यंत्राला हात लावून बघायचे, साडू पंप कसा चालतो ते दाखवायचे, आणि निघता निघता कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणायचं, "तुमचंबी झालं व्हय?"

त्या मुलीनं दोघांना एकेक वही दिली होती. तिच्यात रोज संध्याकाळी दुखण्याला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्यायचा होता. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही इतकं. मी यावर विचार करायचो. सकाळचं दुखणं, व्यायामाच्या वेळचं, कूस बदलतानाचं, सगळ्यांचा मेळ घालून आकडा काढायचो. एकदा साडेपाच निघाले. मुलीला फोन केला तर म्हणाली, काका, पूर्ण आकडा सांगा. मी सहा सांगितले, आणि अर्ध्या गुणानं खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं.

साडूंची वही त्यांची बायको भरायची. त्यांचं रोजचं उत्तर तयार. "दोन लिव्ह."

पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी दोन. मी पडल्या पडल्या हिशेब करायचो, माझे सहा, त्यांचे दोन, मधला चारचा फरक यंत्राचा. ते चार गुण माझ्या हक्काचे होते, आणि ते शेजारच्या पलंगावर गुरगुरत होते. माझं दुखणं या हिशेबानं आणखी वाढायचं, हे मी शपथेवर सांगू शकतो.

तिसऱ्या दिवशी व्यायाम करताना साडू असे ओरडले की गल्लीतलं कुत्रं भुंकलं. संध्याकाळी पुन्हा "दोन लिव्ह."

"दोन कसे?" मी म्हणालो. "सकाळी तुम्ही काय गाणं म्हणत होता?"

"अहो, जाऊ द्या. ती पोर एवढ्या लांबून मशीन घेऊन आली. सात सांगितलं तर तिला काय वाटंल? पाहुण्यानं आमटी विचारली तर खारट झाली म्हणून सांगता का तुम्ही?"

"ती आमटी नाही, माहिती आहे."

"तुमचं आपलं ऑडिटच असतं साडूभाऊ."

दोन्ही बहिणी हसल्या. माझीसुद्धा. साडू चुकीचे आकडे देत होते आणि तरी त्या खोलीत वाईट माणूस मीच ठरत होतो.

चौथ्या दिवशी लासूरहून सासूबाई आल्या.

सासूबाईंचा एक नियम आहे. दोन्ही जावयांना सारखं. शर्टाचं कापड एकाच ताग्यातलं. आंब्याच्या पेट्या उघडून, आंबे मोजून. एकदा वाढताना साडूंच्या ताटात पोळी फाटली, तर त्यांनी माझीही फाडून वाढली होती. एका लेकीचा नवरा वरचढ झाला की बहिणी तुटतात, हे त्यांनी त्यांच्या माहेरी पाहिलेलं आहे. त्यांनी पिशवी दाराशी ठेवली, आधी माझा गुडघा पाहिला, मग साडूंचा.

"हे काय? धाकल्याला मशीन आन थोरल्याला पिशवी? ही कोणती रीत?"

माझ्या बायकोनं चिठ्ठ्यांची पद्धत सांगितली.

"चिठ्ठ्या? माझे जावई काय भिशीत निघाले व्हय?"

"आई, ते संशोधन आहे. बदलायचं नसतं," मेहुणी म्हणाली.

"कोण बदलायलंय? बदलायचं नाय. वाटून घ्यायचं. सकाळी ह्यांना मशीन, त्यांना पिशवी. दुपारून उलट."

"घ्या की," साडू म्हणाले. "मला तर त्या पट्ट्यानं पाय मेल्यावानी होतोय. पोरीला वाईट नको वाटायला म्हणून लावून बसतो."

मी तोंड उघडलं होतं. नियम मला पाठ होता. पण सासूबाईंनी पट्टा आणून माझ्या गुडघ्याभोवती गुंडाळला, पंप सुरू झाला आणि मी तोंड मिटलं.

गार होतं. चांगलं एकसारखं गार. वीस मिनिटं मी तृप्त पडून होतो. दुसऱ्या दिवशीही बरं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून मला पिशवीत आणि पट्ट्यात फारसा फरक कळेना, फक्त पट्ट्यानं गादी भिजत नव्हती. पण शेजारी साडूंच्या गुडघ्यावर चुऱ्याची पिशवी आणि माझ्यावर यंत्र, हे दृश्य डोळ्यांना फार गार वाटायचं. माझ्या वहीत बर्फाची पिशवी किती वेळ लावली एवढाच रकाना होता. तो मी खरा भरला. यंत्राचा रकाना माझ्या वहीत नव्हताच.

हे सुखही टिकलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाई सांगायला लागल्या, "धाकल्या जावयाचं मन लई मोठं. सोताची मशीन थोरल्याला दिली बघा." लोक साडूंकडे कौतुकानं आणि माझ्याकडे गरिबाकडे पाहावं तसं पाहायचे. यंत्र नव्हतं तेव्हा निदान तक्रार तरी माझी होती. आता तीही गेली.

मग मी एकच धरलं. व्यायाम. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, सांगितले होते तितके, एकही कमी नाही. टाच गादीवरून ओढत ढुंगणाकडे आणायची, धरायची, सोडायची. साडूंचे व्यायाम पाहुण्यांमुळे राहायचे. "उद्या डबल करतो," ते म्हणायचे. ते उद्यावर टाकत होते आणि मी मनातल्या मनात त्यांना उत्तेजन देत होतो. कोणी ठेकेदार नेमका व्यायामाच्या वेळी आला की मी बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगायचो, म्हणजे तो आणखी बसायचा.

सहाव्या आठवड्यात कॉलेजात तपासणी होती. शहागंजात खरेदी करायची म्हणून सासूबाई सोबत आल्या. मुलीनं वह्या पाहिल्या आणि साडूंना विचारलं, "काका, यंत्र रोज लावलं ना?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "लावलं की. मी सोता लावलं. सकाळी थोरल्याला, दुपारून धाकल्याला. दोघांना सारखं. कमी-जास्ती काय बी नाय."

मुलीचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून हो म्हटलं. ती आतून तिच्या मॅडमना घेऊन आली. मॅडम शांत होत्या, पण मधे मधे कपाळ चोळत होत्या.

"आजी, आमच्या कामात दोघांना सारखं देऊन चालत नाही," त्या म्हणाल्या.

"मंग ते काम काय कामाचं?"

"एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं दिलं, तरच कळतं ना चांगलं काय ते."

"चांगलं असंल तर दोघांना द्यावं. वाईट असंल तर कोनालाच देऊ नये."

मॅडमनी यावर वाद घातला नाही. आम्हा दोघांना अभ्यासातून वगळावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. साडूंनी तेव्हाच भर घातली, की त्यांचे दोनाचे आकडे तर तसेही आमटीचे होते. ते ऐकून मुलीनं खुर्ची ओढली आणि बसली. तिला आता दोन नवे पेशंट शोधायचे होते.

"मग माझ्या गुडघ्याला फायदा कशानं झाला, यंत्रानं की पिशवीनं?" मी विचारलं.

"तुमच्यावरून आता ते कधीच सांगता येणार नाही, काका," ती म्हणाली. "दोघांनी दोन्ही घेतलंत."

वगळलं तरी पेशंट म्हणून गुडघे मोजायचे होतेच. तिनं कोन मोजायची पट्टी लावली. माझा गुडघा एकशे चोवीस अंश वाकला. साडूंचा एकशे दोन. तिनं साडूंना बजावलं, की व्यायाम केले नाहीत तर हा आखडेल. त्या दिवसाचे तीनशे-तीनशेही आम्हाला मिळाले. मी परत करू पाहिले तर मॅडम म्हणाल्या, आलात ना, मग घ्या. त्या मुलीचं काम दोन माणसांनी मागं पडलं होतं आणि मी रिक्षात बसून बावीसचा फरक तोंडात खडीसाखरेसारखा घोळवत होतो.

त्यानंतर मी बजाजनगरला परतलो. जूनअखेर माझी मांडी पडायला लागली, आधी उशी घेऊन, मग उशीशिवाय. बायकोला मी ती रोज दाखवायचो. ती म्हणायची, "दिसली."

धोंड्याचं जेवण ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ठरलं. लासूरला मधल्या खोलीत दोन पाट मांडलेले, भोवती रांगोळी, समोर ताटं. मी पहिल्या पाटावर गेलो. भिंतीला हात न लावता खाली बसलो आणि मांडी घातली. कोणी पाहावं म्हणून थोडा थांबलो. मग साडू आले. त्यांनी मेहुण्याच्या खांद्याला धरून पाहिलं, पाय लांब सोडून पाहिलं. गुडघा निम्म्यात अडकला तो अडकलाच.

"आई, माझं काय खरं नाही," ते हसत म्हणाले. "मला आपली खुर्ची द्या."

त्या क्षणी मी सव्वीस वर्षांत प्रथमच साडूंपुढे होतो. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"थोरले जावईबापू, उठा."

"मला बसता येतं, आई."

"येतं की. पण ह्यांना येत नाय ना."

"अहो आई, बसू द्या साडूभाऊंना," साडू म्हणाले. "बिचाऱ्यांनी लई मेहनत केलीय."

"एक वर, एक खाली, असं माझ्या घरात व्हायचं नाय."

मेहुण्याच्या खोलीतलं टेबल आलं, दोन खुर्च्या आल्या. तरीही मी दोन क्षण बसून होतो. मग ध्यानात आलं, साडू खुर्चीवर बसले आणि मी पाटावर राहिलो, तर जेवणभर माझं डोकं त्यांच्या गुडघ्याच्या पातळीला असणार. मी उठलो. मांडी सोडताना गुडघा दुखला. आकडा विचाराल तर आठ.

दोन्ही पाट रिकामे राहिले. सासूबाईंनी त्यांच्यावर वाणाची दोन ताटं ठेवली, प्रत्येकात तेहतीस अनारसे, वर दिवा. आम्हाला टेबलाशी ओवाळलं आणि विड्याच्या पानावर पाचशे एक, पाचशे एक रुपये दिले. मी माझे मोजून खिशात ठेवले. साडूंनी त्यांचे हातातच ठेवले होते. जेवण झाल्यावर त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली.

"ताई, इकडं या. दीड महिना दोन-दोन गुडघ्यांचा बर्फ फोडला तुम्ही. हे तुमचे. नाही म्हणायचं नाही."

तिनं नाही म्हटलं नाही. ती अशी हसली, की ते हसू मला आमच्या घरात शेवटचं कधी दिसलं ते आठवेना. बर्फ तिच्या बहिणीनंही फोडला होता, माझ्या गुडघ्यासाठी, आणि ते मी पाहिलं होतं.

शेवटी दिले गेले ते असे: साडूंचे पाचशे एक रुपये माझ्या बायकोला, जेवण झाल्या झाल्या, सगळ्यांसमोर. माझे पाचशे एक साडूंच्या बायकोला, निघताना, गाडीच्या खिडकीतून.